गार्ड सध्या शिरूरला आहे

शिरूर
१४ सप्टेंबर २०२५

श्री. शंकरराव यांस,

जय भीम, आणि माझ्याकडून रामराम.

पाकिटावर माझं नाव पाहून हे पत्र तुम्ही न फोडता कपाटावर ठेवाल, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. फोडलं असलंत तर आधी एवढं ध्यानात घ्या की हे पत्र तुमच्या-माझ्याबद्दल नाही. पोपटाबद्दल आहे. मी फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत. पुन्हा केला, तेव्हा कट केलात. रेल्वेच्या इंजिनाच्या खडखडाटात आयुष्य काढूनही तुमचे कान शाबूत आहेत असं आमची सूनबाई, म्हणजे तुमची प्राची, सांगते, म्हणजे शिरूरचा नंबर दिसला की ते आपोआप मिटत असणार.

तर प्राची आणि आमचा सार्थक जर्मनीला सुखरूप पोचले, ते तुम्हाला कळलंच असेल. कंपनीनं एका वर्षासाठी धाडलंय. पोपट तिकडं नेता येईना. दौंडला तुमच्या घरी परत पाठवावा तर विहीणबाई रंभाताईंचा दमा. या जातीच्या पंखांतून पिठासारखी भुकटी उडते आणि त्यांना धाप लागते, म्हणून तर लग्नानंतर प्राची त्याला पुण्याला घेऊन गेली होती. राहिलो आम्ही. तेव्हा तुमचा गार्ड सध्या शिरूरला आहे, आमच्या ओसरीवर, मोठ्या पिंजऱ्यात. नोंदणीचे कागद प्राचीनं रीतसर करून दिलेत. हा काही आपल्याकडचा हिरवा पोपट नव्हे, त्याला पाळायला बंदी. हा राखाडी, तांबड्या शेपटीचा, परदेशी साहेब. सगळं कायदेशीर आहे.

त्याचं उत्तम चाललंय. खातो, पितो, नावाप्रमाणं रेल्वेच्या गार्डाची शिट्टी मारतो. मी चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटारींत नवी तार भरतोय, जळालेल्या मोटारीला सरळ करणारा माणूस मी, एका पाखराचं काय घेऊन बसलात.

फक्त एक शंका. तुमच्याकडं असताना तो कुणाला चावायचा का? आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना त्यानं बोटाला थोडा प्रसाद दिला. गृहस्थ धीराचे आहेत, तक्रार नाही. पण विचारून ठेवावं म्हटलं.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घ्या. डाव्या हातानं लिहितोय. असंच, गंमत म्हणून.

हौसराव


शिरूर
२८ सप्टेंबर

शंकरराव,

उत्तर नाही. हरकत नाही. ते गृहस्थ मीच.

तुम्ही ओळखलंच असणार. प्राचीचे वडील आहात, तिची नजर कुठून आली ते मला कळतंय. तर ऐका. उजव्या हाताची तर्जनी, मग अंगठा, मग मनगटाची आतली बाजू. सुषमाला, म्हणजे आमच्या मंडळींना, कानाच्या पाळीला. बाळीसकट ओढत होता. त्या दिवसापासून ती पिंजऱ्याजवळून जाताना डोक्यावर घमेलं धरून जाते.

काल म्हणाली, "आवो, दुकानात दहा माणसं तुमच्या नुसत्या खाकरण्यानं हालत्यात. आन् हे पाखरू तुमाला हालवतंय."

मी म्हटलं, "पाखरू न्हाई ते. दौंडचं हाय."

हसलात का? मी ऐकतोय.

दुकानातली गोष्ट सांगतो. घरी एकटा ओरडतो म्हणून मी त्याला दिवसा दुकानात नेऊ लागलो. तुम्हाला माहीत नसेल, पण या भागात माझं नाव आहे ते कानामुळं. शेतकरी विहिरीवरून फोन करतो, चालू मोटारीजवळ फोन धरतो, आणि मी इथं बसून सांगतो की बेअरिंग गेलंय का बुश गेलंय का पाणीच ओढत नाही. चुकलो असं सहसा होत नाही. तर राहू गावचे एक बागायतदार मोटर भरून घ्यायला आलेले. मोटर भरली, टेबलावर चालू केली, तर आतून खर्रर्र. बेअरिंग! मी त्यांच्या देखत मोटर खोलली. बेअरिंग नवंकोरं. बंद केली, चालू केली, पुन्हा खर्रर्र. पुन्हा खोलली. बागायतदार माझ्याकडं बघायला लागले, जसं आपण औषधाचं नाव विसरलेल्या डॉक्टरकडं बघतो तसं. तिसऱ्यांदा खर्रर्र झालं तेव्हा मोटर बंद होती.

पिंजऱ्यातून येत होतं ते. मान वाकडी करून, एक डोळा माझ्यावर ठेवून, खर्रर्र.

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. पण शंकरराव, दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याहून एकानं फोनवर मोटर ऐकवली आणि मी म्हटलं, "घेऊन या, मग बघू." आयुष्यात पहिल्यांदा. कामाची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ज्या कानावर हे दुकान उभं केलं त्या कानाचीच मला खात्री वाटेना. हे मी कुणाला बोललो नाही. तुमच्याशी तसंही बोलणं नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

पुण्याहून एका पक्षीवाल्याला बोलावलं. बरा माणूस आहे, पाळीव पक्ष्यांचाच धंदा. लांबून बघितलं आणि म्हणाला, "पक्षी आक्रमक झालाय. पक्षी माणूस बघून वागतो, साहेब. तुमच्याच्यानं व्हायचं नाही. दिवाळीनंतर येतो, घेऊन जातो. माझ्याकडं मोठा पिंजरा आहे, जोडीला पक्षी आहेत."

माणूस बघून वागतो. हे वाक्य मला चावण्यापेक्षा जास्त लागलंय.

कारण सांगू? लग्नाच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. साडेअकराचा मुहूर्त म्हणजे साडेअकरा, असं तुम्ही आधीच बजावलं होतंत. आम्ही शिरूरची माणसं, आमच्यात साडेअकरा म्हणजे एकच्या आसपास. आम्ही हॉलबाहेर बँडपुढं नाचत होतो आणि आत तुम्ही बुद्धवंदना उरकून, हार घालून मोकळे. नवरदेव मोटारसायकलवरून आधीच पोचलेला, लबाड. आत येऊन बघतो तर लोक जेवायला बसलेले. "गाडी कुणासाठी थांबत नसती," तुम्ही म्हणालात, आणि मी जे म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आपलं बंद.

पण त्या पोरीनं त्यातलं काही मनात धरलं नाही. विमानतळावर जाताना पिंजरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आबा, तुम्ही सांभाळाल. मला खात्री आहे." सून होऊन आल्यापासून तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. ती परत येईल तेव्हा पिंजरा रिकामा दाखवून मी काय सांगू? पक्षी माणूस बघून वागला?

तेव्हा दोन ओळी लिहा. माझ्यासाठी नको. गार्डसाठी.

हौसराव


शिरूर
९ ऑक्टोबर

शंकरराव,

तुमचं कार्ड पोचलं. एवढं लांबलचक लिहायची गरज नव्हती. "काय देता, कसं देता, ते लिहा. शंकरराव." दोनदा उलटंपालटं करून बघितलं, मागं काही आहे का म्हणून. मागं माझाच पत्ता.

लिहितो.

काय देतो: पेरू, भिजवलेले हरभरे, ज्वारीचं कणीस मिळालं तर ते, भुईमुगाच्या शेंगा, आणि हिरवी मिरची. मिरचीवर जीव आहे त्याचा.

कसं देतो: रीतसर. मिरची समोर धरायची. तो पुढं आला की मागं घ्यायची आणि सांगायचं, आधी बोल. राम राम म्हणाला की मिरची. नाही म्हणाला तर नाही. आमच्या आज्ज्यापासून पोपटाला बोलायला असंच शिकवतात. आणि माझा स्वतःचाही नियम तोच आहे. काम तसा दाम. मी पहिल्या उस्तादाकडं तांब्याच्या तारेचे तुकडे झाडायला लागलो तेव्हा जमीन आरशासारखी झाल्याशिवाय चहा मिळत नसे. म्हणून आज मी मी आहे.

आणि एकटा मीच नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण हेच करतो. बबनराव म्हणून शेजारचे खतवाले आहेत, ते तर खिशात मिरची घेऊनच येतात. गिऱ्हाइकाला मोटर होईपर्यंत दुसरं करमणुकीचं साधन काय? सकाळपासून संध्याकाळपर्यंत गार्डपुढं मिरच्या नाचत असतात. लोकांचं प्रेम आहे त्याच्यावर.

तरी चावतो. उपकाराची जाणीव नाही, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र मी टिपली आहे. चावायच्या आधी तो एक आवाज काढतो. टाळूवर जिभेचा एक टोला, टॉक, आणि मग घशातून हं-हं. मग चोच. हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय. रोज ऐकलाय. इंजिनाचा नाही, यंत्राचा नाही. ओठावर आहे पण सापडत नाही. जगातली कुठलीही मोटर ओळखणारा मी, आणि हा एवढासा आवाज मला ओळखता येईना. आता सांगा माझ्या कानाबद्दल मी काय समजावं.

तुमच्याकडं असताना तो हा आवाज काढायचा का? आणि तुम्ही कसं देत होतात, तेही लिहा. कार्ड आणखी एक लागलं तर पैसे मी देतो.

हौसराव


शिरूर
१६ ऑक्टोबर

शंकरराव,

तुमच्या दुसऱ्या कार्डात तीन ओळी आल्या, म्हणजे प्रगती आहे. "असा आवाज काढत नसे. आम्ही ताटातलं द्यायचो, जेवताना, आपण खातो तसं. बोलायला कधी सांगितलं नाही, तो आपला आपण बोलायचा."

हे वाचून मी मनात म्हटलं, फुकट! रेल्वेवाल्यांना काय, पगार महिन्याला येतो. आणि कार्ड खिशात घालून दुकानात गेलो.

तिथं बबनराव आलेले. सुषमा माझा डबा घेऊन आलेली. बबनरावांनी सवयीनं मिरची काढली, पिंजऱ्यासमोर धरली. गार्ड सरकत सरकत पुढं आला, मान लांब केली. बबनरावांनी मिरची मागं घेतली आणि टाळूला जीभ लावून म्हणाले, "टॉक! हं-हं. आधी राम राम."

आणि लगेच पिंजऱ्यातून आलं, टॉक, हं-हं. पण बबनरावांच्या आवाजात नव्हे.

"आवो," सुषमा डबा धरून जागच्या जागी उभी राहिली, "हे तर तुमीच! अगदी तुमीच!"

खरंच मीच होतो. माणसाला सगळ्या जगाचा आवाज कळतो, स्वतःचा तेवढा कळत नाही. दिवसातून कितीदा मी त्याला टॉक-हं-हं करून घास मागं ओढला असेल त्याची गणती नाही. त्याच्या लेखी माणसाचा हात म्हणजे काय, तर जवळ येतो, टॉक म्हणतो आणि पळून जातो. मग शहाणा पक्षी काय करील? पळायच्या आत धरील. घट्ट धरील. मी तरी दुसरं काय केलं असतं त्याच्या जागी? तो मला चावत नव्हता शंकरराव, तो निसटणारा हात धरत होता. आणि चावायच्या आधी मलाच माझ्या भाषेत इशारा देत होता. माझ्यापेक्षा सभ्य.

बबनरावांना म्हटलं, "द्या ती मिरची त्याला."

"अजून बोलला न्हाई की."

"न्हाई बोलला तरी द्या."

"फुकट?"

"फुकट."

बबनरावांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

संध्याकाळी एक पाटी रंगवून घेतली: पोपटाला बोलायला लावू नये. खायला देणाऱ्यानं देऊन टाकावं. हुकुमावरून.

आता दिवाळी तोंडावर. घरात पाहुणे येणार, आणि शिरूरचा पाहुणा पोपटाला बोलावल्याशिवाय चिवड्याला हात लावत नाही. बघू.

कान मात्र शाबूत आहेत. आज फोनवरून दोन मोटारी ओळखल्या.

हौसराव


शिरूर
३१ ऑक्टोबर

व्याही,

हे असं लिहिलेलं चाललं ना? तुमच्या तिसऱ्या कार्डावर सुरुवातीला "हौसराव" लिहिलेलं आलं, आधी नुसतं "शिरूर" असायचं, म्हणून मीही धीर केला.

दिवाळी पार पडली. पाटीचा उपयोग झाला नाही. लोक पाटी मोठ्यानं वाचतात आणि मग म्हणतात, "बोल रे, राम राम बोल." शेवटी मीच पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. पाहुणे फराळाला, मी पहाऱ्याला. सार्थकच्या मावशीनं विचारलं, "दाजी, नवी नोकरी धरली का?" म्हटलं, "व्हय. गार्डाचा गार्ड."

आता खरं सांगतो. मला वाटलं होतं, रोग कळला की उतार पडतो. मोटारीचं तसं असतं. दोष सापडला, तार बदलली, चालू. इथं दोन आठवडे झाले, बोलायला लावत नाही, मागं ओढत नाही, जेवायला बसताना पिंजरा शेजारी घेतो आणि माझ्या ताटातलं देतो. तरी टॉक, हं-हं, आणि चोच. हात न ओढता तसाच ठेवायचा हे तुम्ही लिहिलंत. लिहायला सोपं आहे. मी डोळे मिटून ठेवतो. सुषमा हळद घेऊन तयार असते.

कधी कधी वाटतं, पक्षीवाला बरोबर होता. मी माणसं वळवली ती भीतीनं आणि पगारानं. या पक्ष्याला माझ्या पगाराची गरज नाही आणि भीती तर मलाच आहे. मग माझ्याकडं उरलं काय त्याला द्यायला? हा प्रश्न मला या वयात एका पोपटानं विचारावा!

काल प्राचीचा व्हिडिओ कॉल आला. पहिलंच वाक्य, "आबा, गार्ड चावत नाही ना?"

मी हात टेबलाखाली घेतला आणि म्हणालो, "छ्या! गाय हाय नुसती."

सुषमानं माझा हात धरून टेबलावर आणला. पट्ट्या सगळ्या जर्मनीला दिसल्या.

मला वाटलं आता ही म्हणणार, द्या त्या माणसाला, आबा, उगीच त्रास नको. पोरीनं पट्ट्या मोजल्या आणि विचारलं, "एवढं चावला तरी तुम्ही रोज हात देताय?" म्हटलं, "तुझ्या बाबांनी सांगितलंय." तर ती रडायला लागली. व्याही, ती पक्ष्यासाठी रडली नाही एवढं मला कळलं. तुम्हालाही कळेल. तिनं तिथंच सार्थकला हाक मारली, "अरे, ऐक, बाबा आणि आबा पत्रं लिहितायत!"

पक्षीवाला पुढच्या रविवारी, नऊ तारखेला येतोय. काय करावं ते अजून ठरत नाही. तुमचं मत कळवा. लवकर कळवा, तुम्ही वेळेचे पक्के आहात.

हौसराव


शिरूर
१६ नोव्हेंबर

व्याही,

कार्ड रविवारनंतर पोचलं. टपाल खातं रेल्वेकडं नाही, त्याला तुमचा इलाज नाही. त्यामुळं निर्णय मला माझ्याच डोक्यानं घ्यावा लागला. झालं ते क्रमानं लिहितो.

त्या रविवारी सकाळी मी पेरूची फोड दिली आणि गार्डनं पेरू सोडून करंगळी धरली. रक्त आलं. म्हणजे परीक्षेच्या दिवशीच नापास. तासाभरानं पक्षीवाला गाडी घेऊन हजर, मागं मोठा पिंजरा. माझी करंगळी बघून म्हणाला, "मी सांगितलं होतं साहेब. चला, घेतो."

मी पिंजऱ्याजवळ गेलो. गार्डकडं बघितलं. तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गेला होता, अंग फुगवून. अनोळखी माणूस, अनोळखी पिंजरा. त्याला काय वाटत असेल ते मला कळलं, कारण मीही कधीकाळी पत्र्याची पेटी घेऊन शिरूरच्या स्टँडवर असाच अंग फुगवून उभा होतो.

म्हटलं, "राहू द्या. हितंच राहील."

"अहो, पण तो चावतोय!"

"चावू द्या. बोटं दहा हायती."

"पुन्हा बोलावलंत तर मी येणार नाही हं."

"जेवून जा," म्हटलं. बिचारा एवढा लांब आलेला. मटण होतं. जेवला, गार्डकडं लांबूनच बघत, आणि जाताना सुषमाला म्हणाला, "वहिनी, साहेब हट्टी आहेत." सुषमा म्हणाली, "हट्टी न्हाईत. त्यांना सुनेचं भ्या वाटतं." दोन्ही खरं आहे.

मी काही जिंकून निर्णय घेतला नाही व्याही. हरलेलाच होतो. जमणार का याची खात्री नव्हती, आजही नाही. फक्त एवढं ठरवलं की खात्री नसली तरी हात द्यायचा. इतकी वर्षं मला वाटत होतं की आधी खात्री आणि मग काम. तुमच्या पक्ष्यानं उलटं शिकवलं.

आणि आता परवाची गोष्ट. हेच सांगण्यासाठी पत्र लिहायला बसलोय, वरचं सगळं प्रस्तावना समजा.

दुपारी जेवण झालं होतं. ओसरीवर खुर्चीत बसलो होतो, पिंजऱ्याचं दार उघडं, माझा हात दारात आडवा, नेहमीसारखा. मी पेपर वाचत होतो, निदान डोळ्यांसमोर धरून. गार्ड आला. मनगटावर चढला. नखं रुतली, मी हललो नाही. टॉकची वाट बघितली. टॉक आलं नाही. हं-हं आलं नाही. मान खाली घालून त्यानं माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं. ओलं, कोमट.

भुईमुगाचा दाणा. अर्धा. त्याच्या घशातून वर काढलेला, चावून मऊ केलेला. ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी घेतोय का नाही, ते बघत.

सुषमा आतून आली. "शी! टाका ते! उष्टं पाखराचं!"

मी खाल्लं.

"आवो!"

गोड होतं, असं म्हणणार नाही. शेंगदाण्यासारखं होतं. पण शंकरराव, उभ्या आयुष्यात मला कुणी काही न मागता दिलेलं मोजायला बसलो असतो तर एवढ्याशा दाण्यावर येऊन थांबलो असतो. गार्ड समाधानानं पंख झाडून पिठाची भुकटी माझ्या पेपरवर उडवून परत दांडीवर गेला आणि शिट्टी मारली, तुमच्या घरी शिकलेली, गाडी सुटायची.

आता मला सांगा, हे प्राचीला कळवायचं का आपल्या दोघांतच ठेवायचं? सुषमा म्हणते, पोरीला सांगितलं तर तिला वाटेल आबांना येड लागलं. मला वाटतं तुम्ही सांगा. तुम्ही एका ओळीत सांगता, त्यात येड कमी दिसतं.

तुमचा,
हौसराव